माहितीचा सातबारा

१. कोणत्या साइटवर विश्वास ठेवायचा?

शाळकरी मुलं, पीएचडीचे संशोधक आणि त्यांना शिकवणारे शिक्षक, या सगळ्यांचा इंटरनेटबद्दलचा पहिला प्रश्न जवळपास सारखाच असतो: इतक्या साइट आहेत, त्यातल्या कोणत्या खऱ्या मानायच्या? उत्तरादाखल एक ठरलेली यादी मिळते. सरकारी साइट चालेल, विद्यापीठाची चालेल, विकिपीडिया नको, ब्लॉग नको, व्हॉट्सॲपवर आलेलं तर मुळीच नको. ही यादी निरुपयोगी नाही. घाईच्या वेळी तिच्यामुळे बराच गाळ बाहेर राहतो. पण तिच्यात एक मोठी उणीव आहे. ती साइट निवडायला शिकवते, विधान तपासायला शिकवत नाही. एकाच पानावर दहा विधानं असतात. त्यातली आठ बरोबर, एक संदिग्ध आणि एक साफ चूक असू शकतं. पानाच्या माथ्यावर राजमुद्रा आहे म्हणून चुकीचं विधान बरोबर होत नाही, आणि कुणा हौशी माणसानं लिहिलं आहे म्हणून बरोबर विधान खोटं ठरत नाही. विश्वासार्हता विधानाची तपासायची असते, त्यामागच्या पुराव्याची तपासायची असते, आणि ती तपासण्याची रीत आठवी-नववीच्या मुलांनाही शिकवता येते, हे या प्रकरणाचं म्हणणं आहे. उदाहरणं छत्रपती संभाजीनगर आणि आसपासचीच घेतली आहेत. अजिंठा, वेरूळ आणि मकबरा यांच्यामुळे या जिल्ह्याबद्दल जगभरातल्या लोकांनी लिहिलं आहे, आणि त्यातलं बरंच एकमेकांशी जुळत नाही. शिकण्यासाठी याहून चांगली जागा मिळणं कठीण.

२. मकबऱ्याची दोन वर्षं

बीबी का मकबरा कुणी आणि केव्हा बांधला, असा शोध घेतला की एक उत्तर पुन्हा पुन्हा समोर येतं: औरंगजेबाचा मुलगा आझमशाह यानं आपल्या आईच्या, म्हणजे दिलरस बानू बेगमच्या स्मरणार्थ १६५१ ते १६६१ या काळात तो बांधला. हे वाक्य प्रवासी कंपन्यांच्या पानांवर आहे, सहलीच्या माहितीपत्रकांत आहे आणि सरकारी माहितीतही आहे. ठरलेल्या यादीप्रमाणे चाललं तर इथेच थांबायला हरकत नाही. पण या वाक्याला दोन साधी वर्षं लावून पाहावीत. दिलरस बानू बेगमचा मृत्यू झाला ऑक्टोबर १६५७ मध्ये, आणि आझमशाहचा जन्म झाला जून १६५३ मध्ये. म्हणजे वाक्यातल्या आरंभवर्षी आई जिवंत होती आणि मुलगा जन्मायचा होता. आईच्या स्मरणार्थ, तिच्या मृत्यूच्या सहा वर्षं आधी, जन्मालाही न आलेल्या मुलानं इमारत सुरू केली, असं ते वाक्य सांगतं. हे ओळखायला फारसी यावी लागत नाही, पुराभिलेखागारात जावं लागत नाही. वजाबाकी पुरते.

मग शेवटचं वर्ष तरी बरोबर आहे का? त्याला आधार आहे. मकबऱ्याच्या मुख्य प्रवेशद्वाराच्या दारावर लेख आहे, त्यात अताउल्लाह या वास्तुकाराचं आणि हंसपत राय या अभियंत्याचं नाव आहे, आणि त्याचा काळ १६६०-६१ असा येतो. काही ठिकाणी १६६० आणि काही ठिकाणी १६६१ दिसलं तर तो विरोध समजू नये. हिजरी वर्ष दोन इसवी वर्षांत विभागलं जातं, म्हणून एकाच नोंदीचं रूपांतर दोन तऱ्हांनी होतं. खरा विरोध आणि वरवरचा विरोध यांतला फरक ओळखणं हाही तपासणीचाच भाग आहे. आता उरतो आझमशाह. १६६१ मध्ये तो आठ वर्षांचा होता. इमारत त्याच्या नावानं बांधली गेली असेल, पुढे त्यानं तिची देखभाल केली असेल, पण आठ वर्षांच्या मुलानं ती बांधवली हे पटत नाही. म्हणूनच बांधकामाचा हुकूम औरंगजेबाचाच असावा, असं अनेक कला-इतिहासकार मानतात. वर्गात सांगायचं झालं तर एवढं सांगता येतं: दाराच्या लेखावरून १६६०-६१ हा काळ पक्का, वास्तुकाराचं नाव पक्कं, बांधवणारा कोण यावर परंपरा आझमशाहचं नाव घेते आणि त्याचं वय पाहता ते जसंच्या तसं स्वीकारणं अवघड. या तीन विधानांना तीन वेगळ्या पातळ्यांची खात्री आहे, आणि ती तशीच सांगितली तर विद्यार्थ्याला इतिहास म्हणजे काय हेही कळतं.

खर्चाचा आकडा तर आणखी बोलका आहे. गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनामा’चा हवाला देऊन कुठे ६,६८,२०३ रुपये ७ आणे लिहिलेलं सापडतं, तर कुठे ६,६५,२८३ रुपये ७ आणे. दोन्हीकडे आणे सात. म्हणजे मूळ नोंद एकच असणार आणि कुणाच्या तरी हातून नक्कल करताना अंक इकडचे तिकडे झाले असणार. यातला कोणता आकडा बरोबर हे मूळ ग्रंथ पाहिल्याशिवाय ठरत नाही. तोवर ‘सुमारे साडेसहा ते पावणेसात लाख रुपये’ असं लिहिणं प्रामाणिकपणाचं आहे. आण्यापर्यंतचा आकडा पाहून आपला विश्वास वाढतो, पण बारीक आकडा म्हणजे बरोबर आकडा असं मुळीच नसतं.

३. विधानाची मालकी

जमीन विकत घेताना विकणाऱ्याचे कपडे किंवा त्याच्या घराचा दिवाणखाना पाहून कुणी पैसे मोजत नाही. सातबारा काढतात. त्यात नावासमोर फेरफार क्रमांक असतो, त्या क्रमांकावरून मागची नोंद काढतात, तिच्यावरून त्याच्याही मागची. जमीन कुणाकडून कुणाकडे आणि कशी आली हे सलग दिसलं की मग व्यवहार. माहितीचंही असंच करायचं असतं. ‘मकबरा १६५१ मध्ये सुरू झाला’ हे वाक्य या पानावर कुठून आलं? त्या पानानं कुणाचा हवाला दिला आहे? त्या हवाल्यानं आणखी कुणाचा? शेवटी आपण अशा जागी पोचायला हवं जिथे कुणीतरी गोष्ट स्वतः पाहिली, मोजली किंवा त्याच काळात लिहून ठेवली. दारावरचा लेख ही अशी जागा आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए यानं आपल्या प्रवासवर्णनात संगमरवरानं भरलेल्या तीनशेहून अधिक गाड्या वाटेत पाहिल्याचं लिहिलं, तीही अशीच जागा आहे; त्याच्या आठवणीत चूक असू शकते, पण तो त्या काळात त्या वाटेवर होता. जिथे मागची एकही नोंद सापडत नाही, तिथे विधान खोटंच आहे असं नव्हे, पण त्याच्यावर धडा उभारू नये.

इथे एक फसवणूक फार सहज होते. तेच वाक्य चाळीस पानांवर दिसलं की आपल्याला वाटतं, चाळीस जण सांगतायत म्हणजे खरंच असणार. पण चाळीस पानांनी एकाच पानावरून उतरवलं असेल तर साक्षीदार एकच. हे तपासायचा उपाय सोपा आहे. संशय आलेलं पूर्ण वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधचौकटीत टाकावं. शब्दन् शब्द तसंच्या तसं ठिकठिकाणी दिसलं तर त्या सगळ्यांचं मिळून वजन एका साक्षीइतकंच धरावं, आणि त्यातलं सगळ्यात जुनं पान कोणतं ते पाहावं. दोन स्वतंत्र माणसांनी, वेगवेगळ्या वाटांनी, एकाच निष्कर्षाला येणं ही बळकटी. एकाची नक्कल एकोणचाळीस जणांनी करणं ही नाही.

या कौशल्याबद्दल अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली एक अभ्यास मांडला. त्यांनी १० इतिहासकार, स्टॅनफर्डचेच २५ पदवी विद्यार्थी आणि वृत्तसंस्थांसाठी तथ्यतपासणी करणारे १० जण घेतले आणि त्यांना काही अनोळखी साइट तपासायला दिल्या. इतिहासकार आणि विद्यार्थी यांच्यातले अनेक जण त्याच पानावर रेंगाळले. मांडणी, लोगो, संस्थेचं भारदस्त नाव, ‘आमच्याविषयी’ हे सदर, यावरून मत बनवत राहिले आणि फसले. तथ्यतपासणी करणारे मात्र काही क्षणांत ते पान सोडून नवीन टॅब उघडत होते आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधत होते. त्यांचा निर्णय कमी वेळात झाला आणि जास्त अचूक ठरला. हा निष्कर्ष आपल्या शाळांसाठी फार महत्त्वाचा आहे, कारण आपण मुलांना ‘लक्षपूर्वक वाचा’ असं शिकवतो. अनोळखी पानाच्या बाबतीत आधी बाहेर जाऊन चौकशी करावी आणि मग लक्षपूर्वक वाचावं, हा क्रम त्यांना कुणी सांगत नाही.

४. चार लाख टन दगड

वेरूळच्या कैलास लेण्याबद्दलचे व्हिडिओ लाखो लोक पाहतात. त्यातल्या अनेकांचा युक्तिवाद ठरावीक आहे: चार लाख टन दगड अठरा वर्षांत काढला, छिन्नी-हातोड्यानं हे अशक्य, म्हणून हे काम माणसांचं नव्हे, परग्रहवासीयांचं. असे दावे वर्गात आले की शिक्षक बहुधा हसून सोडून देतात. तसं करू नये असं मला वाटतं. मुलाला पडलेला प्रश्न खरा आहे, आणि उत्तर हाताशी आहे.

आधी चार लाख टन घेऊ. जेम्स बर्जेस यांनी एकोणिसाव्या शतकात दिलेली मापं अशी: आवार सरासरी २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद, आणि मागचा कडा १०७ फूट उंच. मीटरमध्ये साधारण ८४, ४७ आणि ३३. आता समजू की हा सगळा चौकोनी ठोकळाच कापून काढला, आत काहीही शिल्लक ठेवलं नाही. ८४ × ४७ × ३३ म्हणजे सुमारे १ लाख ३० हजार घनमीटर. बेसाल्टचा एक घनमीटर साधारण २.८ टन भरतो, म्हणजे सुमारे ३ लाख ६५ हजार टन. पण डोंगर उतरता आहे. पुढच्या बाजूला कड्याची उंची मागच्यापेक्षा खूप कमी. शिवाय मधलं मंदिर, नंदीमंडप, स्तंभ, हत्ती, हे सारं कापून टाकलेलं नाही, ते तर उभंच आहे. भोवतीच्या ओवऱ्यांचं खोदकाम मिळवलं तरी एकूण आकडा दोन लाख टनांच्या आसपास येतो. काही लिखाणात दीड-दोन लाख टनांचा अंदाज दिसतो तो यामुळेच. चार लाखांचा आकडा ओढूनताणूनही बसत नाही.

मग अठरा वर्षं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याची कारकीर्द साधारण ७५६ ते ७७३ अशी धरतात. अठरा वर्षं म्हणजे फक्त त्याच्या राज्याची लांबी आहे. लेणं इतक्या वर्षांत पूर्ण झालं अशी नोंद नव्हे. हर्मन गोट्झसारख्या अभ्यासकांनी तर काम अनेक राजांच्या काळात टप्प्याटप्प्यानं झालं असं शैलीवरून मांडलं आहे. तरीही वादासाठी अठरा वर्षंच धरू. दोन लाख टन, अठरा वर्षं, वर्षाचे तीनशे कामाचे दिवस: रोजचे सुमारे ३७ टन. दोनशे पाथरवट असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला १८५ किलो, म्हणजे ४० सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा एक दगड. मेहनत मोठी, पण माणसाच्या आवाक्यातली.

आणि पुरावा? राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्कराजाचा इसवी सन ८१२-१३ चा वडोदऱ्याचा ताम्रपट आहे. त्यात कृष्णराजानं एलापुरात, म्हणजे वेरूळला, बांधवलेल्या अद्भुत मंदिराचं वर्णन येतं. मंदिरानंतर अर्ध्याच शतकाच्या आत, त्याच घराण्यानं, अधिकृत दस्तऐवजात केलेली ही नोंद आहे. त्याखेरीज वेरूळमध्येच अर्धवट सोडलेली लेणी आहेत, छिन्नीचे घाव आजही दिसतात, आणि वरून खाली खोदण्याची पद्धत त्यातून उलगडते. मंदिर खोदणाऱ्या शेकडो कारागिरांची नावं आपल्याला मिळालेली नाहीत. त्यांचं काम दुसऱ्याच कुणाच्या नावावर लावणं हा त्यांच्यावरचा अन्याय आहे, आणि मुलांना हे सांगायला हवं.

५. नाव बदललं की माहिती हरवते

शोधणाऱ्याला एक अडचण विश्वासार्हतेच्याही आधी भेटते: हवी ती माहिती समोरच येत नाही. हे शहर त्याचं उत्तम उदाहरण. १६१० मध्ये मलिक अंबरनं खडकी वसवलं, १६२६ नंतर फतेहखानाच्या काळात ते फतेहनगर झालं, १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला तेव्हापासून औरंगाबाद, आणि २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर. आजच्या नावानं शोधलं तर गेल्या दोन-तीन वर्षांतल्या बातम्याच जास्त येतात. तीनशेहून अधिक वर्षांचं लिखाण जुन्या नावाखाली पडून आहे. केवळ ‘औरंगाबाद’ टाकलं तर बिहारमधला त्याच नावाचा जिल्हा मिसळतो आणि पावसाची, साक्षरतेची, शेतीची आकडेवारी बेमालूम चुकते. म्हणून शोधताना दोन्ही नावं द्यावीत, सोबत ‘महाराष्ट्र’, ‘मराठवाडा’ किंवा तालुक्याचं नाव जोडावं. १९४८ पूर्वीचं काही हवं असेल तर ‘हैदराबाद संस्थान’ किंवा ‘निजाम’ हे शब्द घ्यावेत, कारण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्याच्या इंग्रजकालीन गॅझेटिअरमध्ये पुणे, सातारा, नाशिक भरभरून सापडतात, पण औरंगाबाद सापडत नाही ते यामुळे. त्याचं स्वतंत्र गॅझेटिअर १८८४ मध्ये छापलं गेलं, आणि स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र शासनानं १९७७ मध्ये नवं काढलं.

लोकसंख्येचा आकडा हाही असाच सापळा आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३७,०१,२८२ आणि महापालिका हद्दीची ११,७५,११६ होती. पुढची जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती झाली नाही. त्यामुळे ‘२०२४ ची लोकसंख्या’ म्हणून जो आकडा शोधयंत्र ठळक अक्षरांत दाखवतं तो मोजलेला नसतो, गणितानं पुढे ढकललेला असतो. अंदाज म्हणून तो वापरायला हरकत नाही, पण ‘अंदाज’ हा शब्द सोबत हवा. मागच्या काळाशी तुलना करायची असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला. १९७१ चा औरंगाबाद जिल्हा आणि २०११ चा औरंगाबाद जिल्हा हे दोन वेगळे भूभाग आहेत; त्यांचे आकडे शेजारी ठेवून वाढीचा दर काढला तर दोन्ही आकडे बरोबर असूनही उत्तर चुकीचं येतं.

६. मराठीत काय आहे आणि ते कसं वापरावं

मूळ साधनं फारसी, इंग्रजी, संस्कृतात. मराठी माध्यमाच्या मुलानं करायचं काय? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला अर्धंच उत्तर आहे. अर्धं म्हणजे, मराठीत पुष्कळ गोष्टी आता विनामूल्य खुल्या आहेत आणि त्यांचा वापर फार थोडा होतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईत उभा राहिलेला मराठी विश्वकोश, त्याचे वीस खंड, आज कुणालाही घरबसल्या वाचता येतात. नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव आणि संदर्भग्रंथ दिलेले असतात, म्हणजे मागची नोंद काढायची सोय आहे. पण पहिला खंड १९७६ चा आहे हे विसरू नये. प्राचीन इतिहास, व्याकरण, प्राणी, वनस्पती यांसाठी तो भक्कम. संगणक, औषधं, अर्थव्यवस्था यांतली आजची स्थिती त्यात शोधू नये. शासनाच्या गॅझेटिअर विभागानं जिल्हा गॅझेटिअर ऑनलाइन ठेवली आहेत. बालभारतीची पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’वर देशभरातले पीएचडी प्रबंध आहेत, त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातलेही आहेत. प्रबंधातला प्रत्येक निष्कर्ष मान्य करावा असं नाही, पण त्याच्या शेवटची संदर्भसूची शिक्षकासाठी अमूल्य असते. त्या विषयावर काय काय लिहिलं गेलं आहे ते एका जागी मिळतं.

विकिपीडियाबद्दलची भीती थोडी सैल करायला हवी. तिथलं वाक्य आधार म्हणून देऊ नये हे बरोबर, पण तिथून सुरुवात जरूर करावी. वाक्याच्या शेवटी बारीक अंक आहे का ते पाहावं, तो उघडावा, आणि तिथे दिलेलं पुस्तक किंवा लेख खरोखर तेच म्हणतो का ते तपासावं. लेखाची ‘चर्चा’ आणि ‘इतिहास’ ही पानं उघडली की कोणत्या मुद्द्यावर वाद आहे हेही दिसतं. छापील ज्ञानकोशात ही सोय कधीच नव्हती.

डॉ. आंबेडकरांच्या नावावर फिरणाऱ्या वचनांना हीच कसोटी लावावी. ज्या शहरात त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केलं, तिथल्या शिक्षकांना तर हे विशेष सोपं आहे. महाराष्ट्र शासनानं १९७९ पासून, वसंत मून यांच्या संपादनाखाली, त्यांचं लेखन आणि भाषणं खंडरूपानं प्रसिद्ध करायला सुरुवात केली. हे खंड इंटरनेटवर विनामूल्य आहेत. ज्या वचनासोबत खंड आणि पान नाही ते फलकावर लावू नये, भाषणस्पर्धेत मुलाच्या तोंडी घालू नये. ज्या माणसानं प्रत्येक विधानाला आधार दिला त्याच्या नावावर निराधार वाक्यं चालवणं बरं दिसत नाही.

७. छापलं म्हणजे खरं, आणि यंत्र म्हणालं म्हणजे खरं

संशोधक विद्यार्थ्यांचा विश्वास साइटवर नसतो, ‘जर्नल’वर असतो. तिथेही तीच चूक होते. पैसे घेऊन, कसलीही तपासणी न करता, आठवड्याभरात लेख छापणारी नियतकालिकं गेल्या दीड दशकात मोठ्या संख्येनं निघाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी विद्यापीठांच्या शिफारशीवरून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यतायादीत गेलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला. ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकत होती. त्याच वर्षी मे महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगानं आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढली. पुढे ‘केअर’ यादी आली, तीही २०२५ मध्ये आयोगानं बंद केली. म्हणजे ‘यादीत आहे’ हे उत्तर कायमचं कधीच नव्हतं. लेख उघडून त्यात माहिती कशी गोळा केली हे सांगितलं आहे का, आकडे कुठून आले, दिलेले संदर्भ अस्तित्वात आहेत का, हे पाहण्याला पर्याय नाही.

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे संवादक आले आहेत. ते शुद्ध भाषेत, आत्मविश्वासानं उत्तर देतात आणि मागितले तर संदर्भही देतात. अडचण अशी की हे यंत्र पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त आहे यावरून वाक्य रचतं. पुस्तकाचं नाव, लेखक, पानाचा क्रमांक, सगळं अस्सल वाटेल असं तयार करू शकतं, आणि ते पुस्तक जगात नसतंच. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी अशा यंत्रानं दिलेले न्यायनिवाडे कोर्टात सादर केले; ते निवाडे कधी झालेच नव्हते, आणि न्यायाधीशांनी त्यांना ५,००० डॉलरचा दंड केला. म्हणून हे साधन वापरूच नये असं मी म्हणणार नाही. अवघड उतारा सोपा करून घ्यायला, सरावाचे प्रश्न काढायला, शोधासाठी योग्य शब्द सुचवून घ्यायला ते उपयोगी आहे. पण त्यानं दिलेला संदर्भ ग्रंथालयाच्या सूचीत किंवा मूळ जागी स्वतः उघडून पाहिल्याखेरीज वहीत उतरवू नये.

८. एवढा वेळ कुणाकडे आहे?

शिक्षकाचा हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. दिवसाचे सहा-सात तास, त्यात इतर कामं, त्यात अभ्यासक्रम संपवायची घाई. प्रत्येक वाक्याची मागची नोंद काढत बसलं तर धडा कधी संपणार? पण प्रत्येक वाक्याची गरजच नसते. पाणी शंभर अंशांना उकळतं याचा माग काढावा लागत नाही. तपासायची ती तीन प्रकारची विधानं: ज्यात आकडा किंवा वर्ष आहे, ज्यात कुणाच्या तोंडी शब्द घातले आहेत, आणि ज्याचा कुणाला तरी राग किंवा अभिमान वाटेल. एका धड्यात अशी चार-पाच विधानं निघतात, आणि त्यातली बहुतेक दोन-तीन मिनिटांत तपासून होतात. मकबऱ्याच्या वर्षाला लागलेली वजाबाकी आठवा. शिवाय एकदा तपासलेली गोष्ट पुढच्या वर्षीही उपयोगी पडते; इतिहासाच्या पाच शिक्षकांनी आपापसांत धडे वाटून घेतले तर काम आणखी हलकं होतं.

दुसरा आक्षेप याच्या उलट आहे: सरकारी पानही चुकतं, जर्नलही चुकतं, यंत्रही चुकतं, मग विश्वास ठेवायचा तरी कशावर, आणि परीक्षेत लिहायचं काय? परीक्षेत पाठ्यपुस्तकातलं लिहावं, यात संकोच बाळगू नये. पण ‘सगळंच खोटं’ हा निष्कर्ष आळसाचा आहे, आणि अफवा पसरवणाऱ्यांना तोच हवा असतो. कारण सगळंच सारखं खोटं असेल तर ताम्रपट आणि परग्रहवासी यांच्यात निवड करायला आधारच उरत नाही. चुका सापडतात त्या आधार उपलब्ध असतात म्हणूनच. १६५१ चूक आहे हे आपल्याला कळलं ते १६५३ आणि १६५७ या वर्षांवर भरवसा ठेवता आला म्हणून.

शिक्षकांना एक विनंती आहे. तपासताना जो आधार हाती लागेल तो स्वतःच्या टाचणवहीत ठेवून देऊ नका. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि तिथला लेख कुणालाही दुरुस्त करता येतो. आपल्या गावातल्या बारवेबद्दल, लेण्याबद्दल, शाळेबद्दल तिथे चुकीचं किंवा निराधार वाक्य दिसलं तर ते दुरुस्त करा आणि शेवटी पुस्तकाचं नाव, वर्ष, पान लिहा. त्या गावाबद्दल मराठीत शोधणाऱ्या पुढच्या मुलाला तेच वाक्य आधी दिसणार आहे.